कुलमुखत्यारपत्र केलंय म्हणून मृत्युपत्र टाळू नका

मुलं परदेशात आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आईवडील दोघंच, अशा घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय, पुढचं तो बघेल." पण तो पुढचं बघू शकत नाही. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा दुसऱ्याला, म्हणजे मुखत्याराला, दिलेला लेखी अधिकार. करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार तो देणारी व्यक्ती वारली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. वडील गेल्यावर त्या कागदावर फ्लॅट विकायला गेलात तर भावंडांशी कोर्टकज्जा ओढवून घ्याल.

याहून त्रासदायक प्रसंग वडील हयात असतानाचा. त्यांना डिमेन्शिया झाला, व्यवहाराची समज उरली नाही, तर त्याच कलमाने कुलमुखत्यारपत्र निरुपयोगी होतं. नेमकं तेव्हाच ते कामाला येईल असं घरच्यांनी धरलेलं असतं. मग वडिलांसाठी कायदेशीर पालक (गार्डियन) नेमून घ्यायला कोर्टाकडे जावं लागतं. दवाखान्याच्या आणि घरच्या खर्चासाठी निदान एक खातं दोघांच्या नावे, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचं (दोघांपैकी कोणीही, आणि एक गेल्यावर उरलेला, चालवू शकेल असं), आधीच करून ठेवा.

मृत्युपत्राला स्टँप ड्युटी नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. एकाचीच सही असेल तर ते मृत्युपत्र बाजूला ठेवून नवं करा. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं तर उत्तमच, पण वाद झाला तर नोंदणीच्या शिक्क्यावर भागत नाही; साक्षीदाराला कोर्टात सांगावं लागतं. म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि मालमत्तेत वाटा नसलेले घ्या. मृत्युपत्र करणाऱ्याचं वय झालं असेल तर समज शाबूत असल्याचं त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

"सोसायटीत बायकोचं नॉमिनेशन आहे, घर तिचंच," हाही गैरसमजच. नॉमिनी झाल्याने मालकी मिळत नाही. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितलं. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलं, मुली आणि हयात असलेली आई यांना त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत सारखा वाटा मिळतो. सासू आणि सून यांच्यात त्यावरून कटुता येऊ नये असं वाटत असेल तर मृत्युपत्र आजच लिहायला घ्या.

शहराच्या कडेला नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर प्लॉट घेतला असेल तर मूळ मालक हयात आहे तोवर नोंदणीकृत खरेदीखत करून घ्या. अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलं आहे.

परदेशातून आलेलं कुलमुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित करून घ्यावं लागतं. कपाटात ठेवून विसरू नका. आणि दिलेला अधिकार काढून घ्यायचा असेल तर रद्दपत्र करा, ते मुखत्याराला, बँकेला आणि सोसायटीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.