सरहद्दीवरचं घर उभारताय? या चुका टाळा

अमेरिकेच्या सरहद्दीवरचं, म्हणजे पश्चिमेकडे नव्याने वसत गेलेल्या मुलखातलं, जुनं घर लोकांना उभारून दाखवायचं म्हटलं, की नव्या स्वयंसेवकाचा पहिला प्रश्न ठरलेला: ओंडके कुठून आणायचे? अहो, नेब्रास्काच्या माळावर झाडंच कुठे होती! १८६२च्या होमस्टेड कायद्याने वसायला येणाऱ्याला सरकारकडून १६० एकर जमीन मिळायची, लाकूड नाही. म्हणून लोक गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली जमीनच विटांसारखी कापून घरं रचत. हीच ती सॉडची घरं.

या विटांशी घाई केली की संपलं. एका गटाने शनिवारीच सगळा सॉड कापून ढीग लावला आणि 'पुढच्या शनिवारी रचू' म्हणत घरी गेले. आठवडाभर ऊन आणि वारा. उचलायला गेले तर विटेचा नुसता भुगा. ज्या धड राहिल्या त्या गवत वर ठेवून, सांध्यावर सांधा आणून रचल्या. वर खिडकीची चौकट भिंतीत अगदी गच्च बसवली. भिंत दबली आणि काच तडकली. मग मला फोन.

माझा शिरस्ता साधा आहे. दिवसभरात रचून होईल तेवढंच सकाळी कापायचं. गवताची बाजू खाली. खालचा सांधा वरच्या विटेखाली झाकला गेलाच पाहिजे. चौकटीच्या वर चार बोटं फट सोडून तीत चिंध्या कोंबायच्या, कारण भिंत खाली बसणारच. छताखाली मलमल ताणायची, नाहीतर ताटात माती पडते, कधी सापही.

दुसरा माझा राग सिमेंटवर. न्यू मेक्सिकोतल्या अडोबी, म्हणजे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या, भिंतींना 'एकदाचं पक्कं करून टाकू' म्हणत सिमेंट थापतात. तिथल्याच रांचोस दे ताओस गावातल्या चर्चला १९६७ साली तेच केलं. ओल आत कोंडली, माती पोखरली, आणि १९७९मध्ये सगळं खरवडून परत मातीवर यावं लागलं. तिथल्या स्पॅनिशभाषक घरांतल्या बायका भिंती हाताने पुन्हा पुन्हा लिंपत, ते काही वेळ जात नव्हता म्हणून नाही. पण शॉर्टकटवाल्यांना हे सांगून उपयोग नसतो.

आता किरकोळ. चुलीत बायसनचं शेण घालायचं ते खडखडीत वाळलेलं. गोवऱ्या पाहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मूलनिवासींची तळलेली 'फ्राय ब्रेड' प्राचीन पदार्थ म्हणून मांडू नका. तिची कहाणी १८६४ ते १८६८ बॉस्के रेदोंदोच्या लष्करी छावणीत डांबलेल्या नावाहो जमातीच्या कुटुंबांच्या शिध्यातल्या मैद्याशी जोडलेली आहे. कॅन्ससच्या निकोडेमस गावात १८७७ साली आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना पहिल्याच हिवाळ्यात टुमदार लाकडी घर देऊ नका, ती जमिनीत खणलेल्या खोल्यांत राहिली. आणि लाकोटा-शायेना या माळावरच्या जमातींचा टीपी, म्हणजे खांबांवर उभा केलेला शंकूसारखा तंबू, बाईच्या मालकीचा, उभारायचीही तीच. फोटोसाठी खांब धरायला बाप्याला उभं करू नका.