जुलाबाची गोळी घेण्याआधी

पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं, की कोकणात घरोघरी पोटं बिघडतात. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनाही त्रास होतो. मग कुणीतरी मेडिकलमध्ये जाऊन ‘जुलाब बंद व्हायची गोळी’ मागतं. ती बहुतेक वेळा लोपरामाइडची असते.

ही गोळी आतड्यांची हालचाल मंद करते. आतलं पाणी तिथे जास्त वेळ थांबतं, आतडी ते शोषून घेतात आणि शौचाला घट्टपणा येतो. अफूवर्गीय औषधं आतड्यात जिथे काम करतात, तिथेच हीसुद्धा करते. पण नेहमीच्या मात्रेत मेंदूपर्यंत जवळजवळ पोचत नाही, म्हणून नशा येत नाही. जंतू मात्र तिने मरत नाहीत आणि अंगातून गेलेलं पाणीही भरून येत नाही.

म्हणून आधी पाणी. ओआरएसचं पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं आहे का ते वाचा, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ते सगळं एकदम विरघळवा आणि 24 तासांत संपवा. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. लहान मुलाला जास्त मीठ घातक ठरतं. मीठ घातलेली पेज उत्तम. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी, त्यामुळे फक्त शहाळ्यावर राहू नका. गोडमिट्ट कोकम सरबताने तर जुलाब वाढू शकतात. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करा.

आता गोळी. एसटीचा लांबचा प्रवास आहे, रात्रभर उठावं लागतंय, अशा वेळी धडधाकट मोठ्या माणसाने ती जरूर घ्यावी. सुरुवातीला 2 मिलिग्रॅमच्या दोन, नंतर प्रत्येक पातळ शौचानंतर एक. स्वतःच्या जबाबदारीवर घेताना दिवसाला 8 मिलिग्रॅम, म्हणजे चार गोळ्या, याच्या पुढे जायचं नाही. दोन दिवसांत फरक नाही पडला तर गोळी बंद करून डॉक्टरांकडे जा. जास्त मात्रेने हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. हृदयाची किंवा दुसरी कुठली औषधं चालू असतील तर आधी विचारून घ्या. काहींना चक्कर येते, तेव्हा घाटात दुचाकी चालवू नका.

मेडिकलवाला पत्ता कातरून दोनच गोळ्या हातात ठेवतो तेव्हा नाव आणि मुदत बऱ्याचदा उरलेल्या तुकड्यावर राहते. ती दोन्ही वाचून घ्या, कागदावर लिहून मागा. सोबत ‘पोटाची अँटिबायोटिक’ दिली तर ती नम्रपणे परत करा. साध्या जुलाबाला तिची गरज नसते.

शौचात रक्त असेल, ताप चढला असेल, पोट फुगलं असेल किंवा नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झाला असेल, तर ही गोळी अजिबात नको. आतड्याला सूज असताना हालचाल थांबवली तर आतडं धोकादायकरीत्या फुगू शकतं. बारा वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. आजीच्या डब्यातली अर्धी गोळी नातवाला, हा प्रकार घरात होऊच देऊ नका. मुलांना ओआरएस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं.

तोंड कोरडं पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, मूल सुस्त पडलं किंवा भाताच्या पेजेच्या निवळीसारखं पाणीच पाणी जायला लागलं, तर वाट पाहू नका. वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत यायलाच वेळ जातो, म्हणून 108 ला आधी फोन करा आणि निघताना, गाडीतही, ओआरएस पाजत राहा.