टेक्सासच्या उन्हाळ्यात शिकारीला निघण्याआधी

टेक्सासात नव्याने आलेली आपली मंडळी दर उन्हाळ्यात हमखास विचारतात : ऑफिसमधले लोक रँचवर शिकारीला चला म्हणतात, जाऊ का? जरूर जा. पण इथल्या उन्हाळ्यात पारा 38-40 अंशांवर जातो आणि या उन्हातली शिकार थंडीतल्यासारखी निवांत नसते. माझं सांगणं एकच आहे. मारलेलं जनावर दीड-दोन तासांत बर्फावर जाईल अशी सोय नसेल, तर चाप ओढू नका. अन्नासाठी जीव घ्यायचा आणि ते अन्न उन्हात नासू द्यायचं, यापेक्षा वाईट काही नाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे घरातल्या मोठ्यांकडून हे शिकायला मिळालेलं नसतं. म्हणून कागदपत्रांपासूनच सुरुवात करतो.

एच-वन-बी (नोकरीच्या) किंवा एफ-वन (शिक्षणाच्या) व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला तुम्हाला मनाई आहे. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतला चालू शिकार परवाना. मित्राने दिलेली बंदूकही यात येते, तेव्हा ‘माझी थोडीच आहे’ म्हणून सुटका नाही. टेक्सासचा वर्षाचा शिकार परवाना कधीही काढला तरी 31 ऑगस्टला संपतो, आणि परवाना संपला की तो अपवादही संपतो. ही तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. प्रश्न तुमच्या व्हिसाचा आहे, तेव्हा बंदुकीला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घ्या. ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई लागू नाही. 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागतो. सतरा वर्षांपुढच्यांना तो ऑनलाइन होतो. तरी एकदा नेमबाजीच्या रेंजवर जाऊन अनुभवी माणसासमोर बंदूक हाताळून घ्याच.

उन्हाळ्यात मारायचं तरी काय? इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मुख्य हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. बाकी वर्षभर चालतं ते चितळ. हो, आपलं ताडोबातलंच चितळ, इथे त्याला ॲक्सिस म्हणतात. 1932 मध्ये ते टेक्सासात आणलं गेलं आणि आता हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या टेकड्यांच्या भागात, केरव्हिल आणि जंक्शन या गावांच्या परिसरात कळपाने मोकळं फिरतं. बाहेरून आणलेलं जनावर म्हणून राज्याने त्याला हंगामही ठेवलेला नाही आणि संख्येची मर्यादाही नाही. परवाना आणि जमीनमालकाची संमती मात्र हवीच. (दक्षिणेत किंग रँचच्या बाजूला आपली रोही (नीलगाय) सुद्धा आहे, पण ते मोठं, दणकट जनावर आहे, नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.) रानडुकरांचं म्हणाल तर खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने ती मारायला 2019 पासून परवानाही लागत नाही. पण व्हिसावर असलेल्यांना वर सांगितलेल्या कारणासाठी परवाना लागतोच, हे विसरू नका.

टेक्सासची जमीन जवळजवळ सगळी खासगी आहे. कुंपणाच्या खांबावर किंवा झाडाच्या बुंध्यावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला की तिथे शिरायला बंदी आहे असं समजायचं. पाटी नसली तरी कायद्याने तो पट्टा पुरेसा आहे. जखमी जनावर कुंपणापलीकडे गेलं तरी शेजाऱ्याला विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. उन्हात जनावरं पहाटे आणि तिन्हीसांजेला हलतात, मधला सगळा वेळ लाइव्ह ओक या सदाहरित झाडांच्या सावलीत बसून काढतात. त्या कवडशांत चितळाचे ठिपके असे मिसळतात की कान हलेपर्यंत दिसत नाही. पाणवठ्याच्या बाजूला, वारा तोंडावर येईल असं बसा. कळपात एकीने जरी तुमचा वास घेतला, तर ताडोबात वाघ दिसल्यावर जी हाक ऐकली असेल तीच हाक इथे तुमच्यासाठी उठते आणि सगळा कळप पसार होतो.

बरेच जण संध्याकाळी बसतात. मी नव्या माणसाला पहाटच सांगतो. जुलैत रात्री साडेआठलाही हवा तापलेली असते, शिवाय थोड्याच वेळात अंधार पडतो. रक्ताचा माग सापडला नाही आणि जनावर रात्रभर तसंच पडलं, तर सकाळी ते खाण्यालायक राहत नाही. पहाटे गोळी घातली तर पुढे उजेड वाढतच जातो. जनावर पूर्ण आडवं उभं राहील तेव्हाच, पुढच्या पायाच्या लगेच मागे नेम धरा. पोटात गोळी लागली तर जनावर लांब पळतं, मांसात घाण पसरते आणि उन्हात तेवढा वेळ आपल्या हाती नसतो. खात्री नसेल तर सोडून द्या.

जनावर पडलं की फोटो एखादाच. लगेच सावलीत घ्या, हातमोजे चढवा. सुरीचं पातं वर करून पोटाची कातडी तेवढी चिरा. आतडी आणि मूत्राशय फुटू देऊ नका. कोथळा बाहेर काढून झाला की कातडंही तिथेच सोलायचं. थंडीत लोक कातड्यासकट टांगून ठेवतात, उन्हाळ्यात ते कातडं म्हणजे जनावरावर टाकलेली गोधडी. सगळ्यात आधी नासतं ते मागच्या मांडीच्या हाडालगतचं मांस, कारण तिथली ऊब शेवटपर्यंत सुटत नाही. म्हणून मांड्या आणि खांदे वेगळे करा, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचं लांब मांस काढा आणि सगळं बर्फात घाला. हिरव्या-निळ्या माश्या काही मिनिटांत येतात आणि अंडी घालतात, तेव्हा जाळीच्या स्वच्छ पिशव्या जवळ असू द्या.

कूलर, म्हणजे बर्फाची पेटी, मोठा हवा, शंभर क्वार्टच्या (साधारण 95 लिटरच्या) पुढचा. बर्फ घरून निघतानाच भरा, कारण रँचजवळचं दुकान पहाटे उघडं असेलच असं नाही. कूलरच्या खालचं बूच उघडं ठेवून तो थोडा कलता ठेवा म्हणजे वितळलेलं पाणी निघून जाईल. मांस पाण्यात तरंगत राहिलं तर फिकं आणि बेचव होतं. पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या वापरल्या तर हा त्रासच नाही. मांस 4 अंशांच्या खाली राहायला हवं, दिवसाकाठी बर्फाची भर घालत राहिलात तर दोन-तीन दिवस ठेवता येतं.

स्वतःचीही काळजी घ्या. ओआरएसची पाकिटं खिशात ठेवा आणि तहान लागायच्या आधी पाणी प्या. घाम थांबला, डोकं गरगरलं किंवा बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर शिकार सोडून सावली, गार पाणी आणि 911 या आपत्कालीन नंबरला फोन. रॅटलस्नेक हे विषारी साप उन्हाळ्यात बहुतेक पहाटे, संध्याकाळी आणि रात्री बाहेर असतात, म्हणजे नेमकं तुमच्या वेळेला. सापाचे दात आत शिरणार नाहीत असे गुडघ्यापर्यंतचे बूट घाला आणि दिसत नाही तिथे हात घालू नका. कपड्यांवर आदल्या दिवशी परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवा, अंगाला लावू नका. इथली लोन स्टार गोचीड चावली तर काहींना मटणाचीच ॲलर्जी होते. घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे नीट पाहा.

चितळाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते. पाठीचं मांस जाड तव्यावर चटकन परता, मांड्यांचा काळ्या मसाल्यात मंद आचेवर रस्सा करा, तेल नेहमीपेक्षा थोडं जास्त घाला. डुकराचं मांस मात्र आतपर्यंत 71 अंशांवर शिजलंच पाहिजे, आणि ते कापताना हातमोजे काढू नका.

पहिल्या वेळी एकट्याने जाऊ नका. ज्याच्या रँचवर जाल त्याचं फाटक जसं होतं तसंच ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद, आणि मांसातला चांगला वाटा त्याच्या घरी पोचवा.