शाळेतल्या खोड्यांची गोष्ट लिहिताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की दिवाळी अंकांसाठी लिहिलेल्या मुलांच्या विनोदी गोष्टी माझ्याकडे वाचायला यायला लागतात. शाळा, तीन-चार मित्र, एक खोडी, मग फजिती. विषय माझ्या जिवाभावाचा आहे, म्हणूनच दरवर्षी त्याच चुका पाहून जीव कातावतो. गोष्ट पहिल्याच पानावर हसायला लागते. लेखक हसतो, गोष्टीतली पोरं हसतात, अख्खा वर्ग खो खो हसतो आणि वाचणारं मूल तसंच बसून राहतं.

खोडी काढणारं पोर त्या घडीला हसत नसतं, एवढं आधी मनात पक्कं करा. त्याच्यासाठी ते काम असतं. दोरा किती लांब हवा, शिपाईकाका पाणी भरायला कधी जातात, पकडलो तर कोणी काय सांगायचं, हे सगळं तो गणिताच्या पेपरपेक्षा जास्त मन लावून ठरवतो. वाचणाऱ्याला हसू येतं ते त्याच्या या गंभीरपणाचं.

जमणारच नाही अशी खोडी

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते, आणि मीही ती केली आहे.

माझ्या एका गोष्टीत तीन मित्र विज्ञानाच्या सरांच्या डब्यात बेडूक ठेवत होते. काळ वार्षिक परीक्षेच्या आधीचा, म्हणजे मार्च. नागपुरातल्या एका शाळेत पाचवीच्या वर्गाला ती वाचून दाखवायला गेले. शनिवार होता, सकाळची शाळा होती, मुलं ताजी होती. पहिली दोन पानं छान गेली. बेडूक आला आणि तिसऱ्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला.

"मॅडम, मार्चात बेडूक कुठं भेटते?"

मी म्हटलं, असेल एखाद्या विहिरीजवळ. तो बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. मग खिडकीजवळच्या मुलीनं विचारलं, "डब्याले भोकं होते काय?" गोष्टीत भोकं नव्हती. "मग तो मेला असन," ती म्हणाली.

त्यानंतर माझी गोष्ट कोणी ऐकली नाही. बेडूक डब्यात किती वेळ होता, भाजी गरम होती का, झाकण घट्ट होतं का, याच्यावर वर्ग बोलत राहिला. सर दचकून उडी मारतात तो शेवटचा परिच्छेद मी सगळ्यांत जास्त मेहनतीनं लिहिला होता. तो वाचला तेव्हा एकही पोर हसलं नाही. त्यांना बेडकाची काळजी लागली होती.

दोन दिवस मला चैन पडलं नाही. मग लक्षात आलं की हे प्रश्न माझ्या तीन मित्रांनी एकमेकांना विचारायला हवे होते. माझ्या पोरांनी खोडीचा विचारच केला नव्हता, कारण मी केला नव्हता.

गोष्ट नव्यानं लिहिली. मार्चवरून उचलून जुलैच्या पहिल्या आठवड्यात नेली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे आपल्याकडे पहिले मोठे पाऊस आणि शाळेचे पहिले दिवस जवळजवळ हातात हात घालून येतात. त्याच दिवसांत डबक्यांमध्ये मोठे बेडूक निघतात आणि त्यांतले नर हळदीसारखे पिवळेजर्द होतात. असा बेडूक हाती लागला की खोडीच्या आधी पोरांचं तोंडच उघडं राहतं. आता तिघांना करायला काम मिळालं. एकाला वाटलं त्याला तहान लागली असेल, म्हणून तो बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन ते बेडकाच्या तोंडाशी धरून बसला. दुसरीला ठाऊक होतं की बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. म्हणून ओला रुमाल हवा. रुमाल तिसऱ्याकडेच होता, नवा, आईनं कोपऱ्यात नाव भरलेला. मधल्या सुट्टीपर्यंत पहिल्या दोघांना त्या बेडकाचा इतका जिव्हाळा लागला की त्याला गरम भाजीत टाकायला हात धजेना. बेत मात्र तिसऱ्याचा होता आणि रुमालही त्याचाच गेला होता. तिथं भांडण पेटलं, आणि गोष्ट सुरू झाली.

ही गोष्ट पुढच्या वर्षीच्या पाचवीला वाचली. झाकण बेडकाच्या तोंडाशी धरलं तिथं पोरं बाक बडवून हसली. तिथं मी एकही विनोद लिहिलेला नव्हता.

तेव्हापासून माझी सवय अशी: कागदावर येणारी प्रत्येक खोडी आधी हातानं करून पाहायची. खुर्चीला डिंक लावायचा असेल तर डिंकाची बाटली आणून घरच्या पाटावर लावते आणि घड्याळ लावून बसते. सर तास सुरू होताच येऊन बसतात आणि चिकटतात, असं लिहिणाऱ्यानं एकदा तरी डिंक वाळताना पाहावा. खाजकुइलीचा प्रयोग मात्र कोणीही करू नये, तिची लव डोळ्यांत गेली तर भलतंच होऊन बसतं. पण तिच्याबद्दल माहिती हवी. खाज येते ती शेंगांवरच्या सोनेरी लवीमुळे, आणि शेंगा वाळतात हिवाळ्यात. स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला ताजी खाजकुइली वापरणारी पोरं गोष्टीत भेटली की मी हस्तलिखित परत करते. शिवाय ती लव आधी पुडी उघडणाऱ्याच्या बोटांना लागते. खरी गोष्ट त्या बोटांपाशी आहे, आणि तिकडे लेखकांचं लक्षच नसतं.

मोबाइलवर 'शाळेतल्या धमाल खोड्या' शोधायच्या, त्यातल्या चार उचलायच्या, नावं बदलायची आणि तीन दिवसांत गोष्ट पाठवून द्यायची, हा प्रकार मला अजिबात मान्य नाही. तीन दिवसांत डिंकसुद्धा नीट कळत नाही. वर पाचव्या दिवशी फोन येतो, "मॅडम, वाचली का?" मुलांसाठी लिहायचं म्हणजे लवकर उरकतं, असा समज करून घेणाऱ्यांनी कृपा करून मोठ्यांसाठी लिहावं.

दुबळ्यावर काढलेली खोडी

तोतरं बोलणारा, जाड भिंगाचा चष्मा लावणारी, डब्यात रोज शिळी पोळी आणणारा. अजूनही अशा मुलांना गोष्टीत फजितीसाठी उभं केलं जातं. शेवटी नायक त्याला मिठी मारतो आणि सगळं गोड होतं. हे लिहिताना एकदा आठवा की तुमचं पुस्तक ज्या वर्गात वाचलं जाणार आहे, तिथं तसं एक मूल बसलेलं असणार. बाकीचे हसताना त्याच्याकडे वळून पाहणार. आमच्या वर्गातल्या एका मुलाला असंच एका धड्यातल्या पात्राचं नाव चिकटलं होतं, दहावीपर्यंत ते सुटलं नाही. मी त्याला त्या नावानं हाक मारली आहे आणि ते मला विसरता येत नाही.

खोडी आपल्याहून वरच्या माणसावर काढावी, नाहीतर बरोबरीच्यावर. ज्याच्या हातात छडी, हजेरीपट किंवा वर्गाची किल्ली आहे त्याच्यावर.

छडी म्हटलं म्हणून सांगते, ती गोष्टीतून आता काढा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आहे. छडी उगारणारे सर आजच्या मुलाला आजोबांच्या आठवणीतले वाटतात. आजचं मूल घाबरतं ते घरी जाणाऱ्या चिठ्ठीला, आणि त्याहून जास्त बाक बदलण्याला. मैत्रीच्या गोष्टीत तर हे सोनं आहे. दोन जिवलग मित्रांना वर्गाच्या दोन टोकांना बसवा, मधल्या आठ बाकांवरून चिठ्ठी कशी जाते ते लिहा. पानं भरतील.

टाळ्या वाजवायला ठेवलेला मित्र

नायक युक्ती काढतो, मित्र "वा!" म्हणतो. असा मित्र काढून टाका, गोष्टीला काही होत नाही. मित्र हवा तर त्याचं म्हणणं नायकाच्या आड आलं पाहिजे.

प्रत्येक गोष्टीला मी तीन प्रश्न विचारते. कट्टी केव्हा झाली? किती तास टिकली? आधी कोण बोललं? मुलं माफी मागत नाहीत. रिकाम्या बाकावर दप्तर ठेवून जागा धरतात, किंवा डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी न बोलता पुढे सरकवतात. मोठ्यांना लिहिता येणार नाही इतकं नाजूक असतं ते, आणि बहुतेक लेखक तिथं "दोघं पुन्हा घट्ट मित्र झाले" असं एक वाक्य टाकून मोकळे होतात.

नागपूर नुसतं नावाला

पहिल्या पानावर संत्री, मध्ये फुटाळा तलाव, शेवटी झीरो माइलचा खांब. पोरं मात्र बोलतात, "अरे, तू काय करतोयस?" आपल्याकडचं पोट्टं मैदानावर "काय करून राहिला बे?" म्हणतं आणि तेच सरांसमोर पुस्तकातलं मराठी बोलायला लागतं. या बदलातच केवढी गंमत आहे. प्रत्येक वाक्यात 'बे' कोंबायची गरज नाही, मोक्याला आलं की पुरे. पुण्याहून नव्यानं आलेल्या मुलाला मित्राच्या आईनं "बाजारातून सांबार आण" म्हटलं, तर तो पातेलं घेऊन इडलीवाल्याकडे जाणार. इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्याला कोण सांगणार? इथं कोणी खोडी काढलेली नाही, तरी मित्राला आयुष्यभर चिडवायला पुरेल इतका ऐवज आहे.

आणि मारबत! १८८०च्या दशकापासून नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचे पुतळे, लोकांना छळणाऱ्या गोष्टींवर बोट ठेवणारे. "घेऊन जा गे मारबत" म्हणत शेवटी सगळं जाळतात. गल्लीतल्या पोरांनी गृहपाठाचा बडग्या केला, रद्दीतल्या वह्या आत भरल्या आणि त्यात मित्राची पूर्ण झालेली वही गेली, तर? अशी गोष्ट अजून माझ्याकडे आलेली नाही. लिहाल तेव्हा मिरवणूक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे मुलं लाकडी बैल घेऊन साजरा करतात त्या तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी. पोळ्याआधी मारबत काढणारी दोन हस्तलिखितं मी पाहिली आहेत.

थोडक्यात सांगण्यासारख्या

उद्गारचिन्हं निम्मी करा, मग उरलेल्यांतली पुन्हा निम्मी. बंटी, गोट्या, चिंगी ही नावं आता वर्गात कोणाची नसतात, एखाद्या शाळेच्या हजेरीची नावं ऐकून या. शिपाईकाकांना मूर्ख दाखवू नका, शाळेतलं सगळं त्यांनाच आधी कळतं. मुख्याध्यापकांचं शेवटचं भाषण काढा. गोष्ट मोठ्यांना वाचून दाखवू नका, ते तुमच्याकडे पाहून हसतात. दहा वर्षांच्या मुलांना वाचून दाखवा आणि ती कुठं चुळबुळ करतात तिथं पेन्सिलीनं खूण करा.

भोकांबद्दल विचारणारी ती मुलगी पुढच्या वर्षी शाळेच्या फाटकाशी भेटली. दोन पानी गोष्ट लिहून आणली होती. तिच्या गोष्टीतल्या दोघी मैत्रिणी बेडकाला श्वास घेता यावा म्हणून डब्याला कर्कटकानं सात भोकं पाडतात. बेडूक सापडतच नाही. दोघी डबा धुऊन, पुसून गुपचूप ओट्यावर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी आई त्याच डब्यात वरण भरते.