खिडकी नसलेल्या बाथरूममधली वाफ कशी काढली

भिंतीत बसवायचा साधा एक्झॉस्ट फॅन इथे कामाचा नाही. बाहेरच्या भिंतीपर्यंतच्या लांब पाइपातून हवा ढकलायला त्याचा दाब पुरत नाही. फॉल्स सीलिंगच्या वर 100 मिमीचा इनलाइन फॅन (पाइपाच्या मध्येच बसणारा) बसवला.

बाथरूम 1.5 × 2.4 मीटर, उंची 2.4, म्हणजे साधारण 8.6 घनमीटर. तासाला दहादा हवा बदलायची तर 86 घनमीटर लागतात. पाइप आणि बेंडमध्ये क्षमता घटते, म्हणून फॅन तासाला 150 घनमीटरचा.

जाळी शॉवरजवळ, दारापासून लांब. तिथून पॅसेजच्या सीलिंगवरून बाहेरच्या भिंतीपर्यंत पीव्हीसी पाइप, बाहेरच्या बाजूला मीटरला 2 सेंमी उतार, टोकाला झडप. लवचीक डक्ट फक्त फॅनच्या दोन्ही टोकांना, ताणून. लोंबला की त्यात पाणी साचतं. काही कारागीर पाइप सीलिंगच्या पोकळीतच सोडतात, मग बुरशी वर सरकते. संडासाच्या व्हेंटला जोडणं त्याहून वाईट: फॅन बंद असताना दुर्गंधी आत.

दार खालून 20 मिमी कापलं. आत हवा आलीच नाही तर फॅन नुसता घरघरतो. टिश्यू पेपर जाळीला चिकटून राहिला की ओढ ठीक. अंघोळीनंतर 20 मिनिटं फॅन टायमरवर.