स्टोकॅस्टिक डेप्थ स्वतः लिहायची तर: कोड पाच ओळींचा, घोळ मात्र आजूबाजूला

मॉडेल ओव्हरफिट व्हायला लागलं, म्हणजे ट्रेनिंगचा डेटा पाठ करून नव्या डेटावर चुकायला लागलं, की आपण सगळे आधी ड्रॉपआउट (अधूनमधून सुटे आकडे शून्य करणं) लावून बघतो, पण नेटवर्क रेसनेट किंवा ट्रान्सफॉर्मर जातीचं असेल तर त्याच्यापेक्षा बरा एक उपाय आहे, ट्रेनिंग चालू असताना अधूनमधून अख्खा ब्लॉकच (काही लेयरचा गट) गाळून टाकायचा. हीच स्टोकॅस्टिक डेप्थ, लायब्ऱ्यांमध्ये बऱ्याचदा ड्रॉप पाथ नावाने सापडते. गाओ हुआंग आणि सहकाऱ्यांनी २०१६ च्या पेपरमध्ये हे मांडलं, तेव्हा ११० लेयरच्या रेसनेटची सिफार-१० ह्या छोट्या फोटोंच्या डेटासेटवरची टेस्ट एरर ६.४१ टक्क्यांवरून ५.२५ वर आली. आणि गंमत म्हणजे साधं १२०२ लेयरचं नेटवर्क ११० वाल्यापेक्षा वाईट निघत होतं ना, तेच ह्या युक्तीने ४.९१ पर्यंत उतरलं.

हे चालतं ते रेसिड्युअल जोडणीमुळे. प्रत्येक ब्लॉकचं आउटपुट म्हणजे एक्स अधिक एफ ऑफ एक्स (एक्स हा ब्लॉकमध्ये येणारा इनपुट, एफ हे ब्लॉकचं स्वतःचं काम), म्हणजे गावातून जाणारा रस्ता एक आणि बाहेरून बायपास एक. गावातला रस्ता बंद केला तरी ट्रॅफिक बायपासने पुढे जातंच. म्हणून पहिला नियम, गाळायचं ते एफ, शॉर्टकट म्हणजे तो बायपास कधीच नाही, शॉर्टकट गाळलात तर पुढे काहीच पोचत नाही. आणि ज्या नेटवर्कमध्ये रेसिड्युअल जोडणीच नाही, उदाहरणार्थ जुनं व्हीजीजी, तिथे हे लावायच्या भानगडीत पडू नका.

आता कोड. पायथॉर्चमध्ये लिहिताना डोक्यात एवढंच ठेवायचं:

ड्रॉप शून्य असेल किंवा ट्रेनिंग मोड बंद असेल तर एक्स जसाच्या तसा परत
कीप = १ − ड्रॉप
आकार = पहिल्या जागी बॅच साइज (एका वेळी किती सॅम्पल), बाकी सगळ्या जागी १
मास्क = त्या आकाराचा बर्नोली टेन्सर (फक्त ० आणि १ चा तक्ता), १ येण्याची शक्यता कीप
परत = एक्स × मास्क ÷ कीप

बस, हे फंक्शन ब्लॉकमध्ये एफच्या आउटपुटवर लावायचं, बेरजेच्या आधी, म्हणजे ह्या कोडमधला एक्स हे एफचं आउटपुट. आता ह्यातली एकेक ओळ जरा नीट बघू, कारण ट्रेनिंग एरर न देता चालू राहतं आणि रिझल्ट मात्र वाईट येतात तो प्रकार ह्याच ओळींमध्ये होतो.

सगळ्यात आधी शेवटचा भागाकार. समजा कीप ०.८ आहे आणि ब्लॉक १० देतोय. ट्रेनिंगमध्ये ८० टक्के वेळा १० आणि २० टक्के वेळा ०, म्हणजे पुढच्या लेयरला सरासरी ८ ची सवय लागणार, पण टेस्टला सगळे ब्लॉक चालू म्हणजे एकदम १० येणार. हा फरक कुठेतरी मिटवायला हवाच. मूळ पेपरमध्ये टेस्टच्या वेळी ब्लॉकला ०.८ ने गुणलंय, आजकाल सगळे उलटं करतात, ट्रेनिंगमध्येच ०.८ ने भागून १२.५ करतात म्हणजे सरासरी परत १० आणि टेस्टला काही करायची गरजच उरत नाही. दोन्ही बरोबर, पण एकच निवडा. इकडून एक आणि तिकडून एक असा कोड चिकटवला की दोनदा स्केलिंग होतं किंवा होतच नाही, आणि लॉस कर्व्हकडे बघून हे कळणं अवघड असतं.

मग मास्कचा आकार. कॉन्व्होल्यूशन असेल तर बॅच, १, १, १ आणि ट्रान्सफॉर्मर असेल तर बॅच, १, १, म्हणजे प्रत्येक फोटोसाठी किंवा वाक्यासाठी वेगळं नाणं उडतं. चुकून पूर्ण टेन्सरच्या आकाराचा मास्क केलात तर तो साधा ड्रॉपआउट झाला, ब्लॉक गाळणं नाही. अजून एक छुपा प्रकार, पायथॉर्चच्या स्वतःच्या ट्रान्सफॉर्मर लेयरमध्ये बॅच फर्स्ट हा पर्याय डिफॉल्टने बंद असतो, म्हणजे पहिलं डायमेन्शन बॅच नसून सिक्वेन्स असतं. तिथे वरचा कोड तसाच टाकला तर सगळ्या वाक्यांमधला तिसरा टोकन (शब्द किंवा त्याचा तुकडा) गाळला, सातवा गाळला असं काहीतरी होत बसतं. प्रोग्रॅम अजिबात कुरकुर करत नाही हो, शेप्स सगळे जुळतात.

दुसरी पद्धत म्हणजे अख्ख्या बॅचला मिळून एकच नाणं, आणि गाळायचं ठरलं तर एफ चालवायचंच नाही. मूळ पेपरमध्ये असंच होतं आणि त्यामुळे ट्रेनिंगचा वेळसुद्धा साधारण पाव वाचला. मास्कवाल्या पद्धतीत वेळ वाचत नाही हे लक्षात घ्या, हिशोब पूर्ण होतो आणि मग शून्याने गुणलं जातं. मग वेळ वाचवणारी पद्धतच का नाही? एका जीपीयूवर खुशाल वापरा. पण अनेक जीपीयूंवर डिस्ट्रिब्युटेड ट्रेनिंग असेल तर गाळलेल्या ब्लॉकच्या पॅरामीटर्सना ग्रेडियंटच येत नाही आणि पायथॉर्च पुढच्या स्टेपला रिडक्शन (सगळ्या जीपीयूंचे ग्रेडियंट एकत्र करणं) पूर्ण झालं नाही म्हणून तक्रार करतं. न वापरलेले पॅरामीटर शोधण्याचा पर्याय चालू करून भागतं, पण त्याचा स्वतःचा खर्च आहे आणि शिवाय प्रत्येक जीपीयू वेगवेगळा ब्लॉक गाळत असेल तर एक दुसऱ्यासाठी थांबतोच, वाचलेला वेळ तिथेच जातो. माझ्या मते आधी मास्कवाली लिहा, ती चालली की मग वेळेचं बघू.

आता कुठल्या ब्लॉकला किती. सगळ्यांना सारखा रेट (गाळण्याची शक्यता) देता येतो पण पेपरमध्येच दिसतं की सुरुवातीला कमी आणि शेवटाकडे जास्त असं सरळ रेषेत वाढवलेलं चांगलं चालतं, कारण सुरुवातीचे लेयर कडा, पोत असल्या मूलभूत गोष्टी काढतात आणि पुढचे सगळे त्यांच्यावर अवलंबून. पेपरमधला हिशोब असा की शेवटचा ब्लॉक टिकण्याची शक्यता ०.५, आणि ११० लेयरच्या नेटवर्कमध्ये ५४ ब्लॉक, तर एका वेळी सरासरी ४० च्या आसपास ब्लॉक चालू राहतात. म्हणजे शेवटच्या ब्लॉकचा रेट अर्धा ऐकून घाबरायला होतं, पण गळतात पावच. पायथॉर्चमध्ये हे एका ओळीचं काम, लिनस्पेसला (समान अंतराचे आकडे देणारं फंक्शन) ० पासून कमाल रेटपर्यंत एकूण ब्लॉक एवढे आकडे मागायचे आणि क्रमाने वाटायचे.

इथे एकच सांभाळा. स्विनसारख्या, फोटोंसाठीच्या ट्रान्सफॉर्मर नेटवर्कमध्ये ब्लॉक चार स्टेजमध्ये वाटलेले असतात, स्विनच्या टायनी मॉडेलमध्ये २, २, ६, २ असे. तर लिनस्पेस एकूण १२ चा करायचा आणि काउंटर स्टेज बदलल्यावर परत शून्यावर न्यायचा नाही. लूपच्या आत काउंटर सुरू केलात की प्रत्येक स्टेजला रेट परत शून्यापासून चढतो. आणि अशा प्रत्येक ब्लॉकमध्ये रेसिड्युअल फांद्या दोन, अटेन्शनची (टोकन एकमेकांकडे बघतात ती) एक आणि एमएलपीची (साध्या लेयरची) एक, दोन्हीवर ड्रॉप पाथ लागतो, रेट तोच पण नाणं वेगळं.

कमाल रेट किती ठेवायचा ह्याला मॉडेलचा साइज बघा. स्विनच्या इमेजनेट-१के (हजार वर्गांच्या फोटोंचा डेटासेट) रेसिपीत टायनीला ०.२, स्मॉलला ०.३, बेसला ०.५ आहे, डीईआयटी ह्या दुसऱ्या फोटो-ट्रान्सफॉर्मरमध्ये ०.१. मोठं मॉडेल, लांब ट्रेनिंग म्हणजे जास्त रेट, हे सूत्र. तुमचं नेटवर्क १८ लेयरचं असेल आणि दहा-वीस इपॉकच (पूर्ण डेटाच्या फेऱ्या) चालवणार असाल तर खरं सांगायचं तर ह्याची गरज नाही, अंडरफिट करून बसाल, मॉडेल पुरेसं शिकणारच नाही. ट्रेनिंग लॉसच खाली येत नसेल तर तो रेग्युलरायझेशनचा (ओव्हरफिट रोखायच्या उपायांचा) प्रश्नच नाहीये.

लायब्ररीतलं आयतं घ्यायचं असेल तर नावं नीट वाचा, कारण इथे सगळ्यांनी आपापली चूल मांडलीये. टॉर्चव्हिजनच्या स्टोकॅस्टिक डेप्थला दिलेला पी म्हणजे गाळण्याची शक्यता, आणि मोड रो दिला तर सॅम्पलनिहाय, बॅच दिला तर सगळ्यांना एकच. टिम ह्या मॉडेलांच्या लायब्ररीत ड्रॉप पाथ रेट वेगळा आणि नुसता ड्रॉप रेट वेगळा, दुसरा साध्या ड्रॉपआउटचा. पेपरमध्ये आणि २०२४ मध्ये बंद झालेल्या टेन्सरफ्लो ॲडऑन्समध्ये मात्र टिकण्याची शक्यता द्यायची. एफिशियंटनेटच्या जुन्या कोडमध्ये ह्याच गोष्टीला ड्रॉप कनेक्ट म्हटलंय, जे खरं तर वेट्स गाळायच्या वेगळ्याच तंत्राचं नाव. ०.२ आणि ०.८ ची अदलाबदल झाली तर मॉडेल मरत नाही, लंगडत शिकत राहतं, आणि तुम्ही लर्निंग रेट बदलत बसता.

लिहून झालं की ट्रेनिंगला लावायच्या आधी दोन मिनिटांची तपासणी करा. सगळं १ असलेला दहा हजार ओळींचा टेन्सर घ्या, ड्रॉप ०.२ ठेवून फंक्शनमधून काढा. आउटपुटमध्ये फक्त ० आणि १.२५ दिसले पाहिजेत, एका ओळीत सगळे आकडे सारखे असले पाहिजेत, आणि सरासरी १ च्या अगदी जवळ. मग मॉडेल इव्हॅल मोडवर (ट्रेनिंग मोड बंद) टाकून तोच इनपुट दोनदा द्या, उत्तर तंतोतंत तेच यायला हवं. वेगळं आलं तर बहुतेक वेळा कारण एकच, फंक्शनल रूप वापरलंय आणि त्याला ट्रेनिंग फ्लॅग पाठवायचा राहिलाय किंवा कायमचा चालू म्हणून लिहिलाय.

चालू मॉडेलमध्ये नंतर घुसवत असाल तर जुने वेट्स चालतात, ड्रॉप पाथला स्वतःचे पॅरामीटर नसतातच. फक्त सिक्वेन्शियलच्या मधोमध घालू नका, पुढच्या लेयरचे नंबर एकाने सरकतात आणि चेकपॉइंट (साठवलेले वेट्स) लोड होताना कीज जुळत नाहीत. ब्लॉकच्या क्लासमध्ये वेगळं नाव देऊन ठेवा.

ट्रेनिंग सुरू झाल्यावर ट्रेनिंग लॉस व्हॅलिडेशनपेक्षा वर दिसला तर दचकू नका, ट्रेनिंगमध्ये अर्धवट नेटवर्क मोजलं जातंय आणि व्हॅलिडेशनला पूर्ण. तुलना करायची तर व्हॅलिडेशन ॲक्युरसीचीच करा, तीसुद्धा शेवटाकडे, सुरुवातीच्या इपॉकमध्ये ड्रॉप पाथवालं मॉडेल मागेच असतं.

आणि ट्रेनिंगनंतर खरंच लेयर काढून मॉडेल छोटं करायचा विचार असेल तर ह्याचाच भाऊ लेयरड्रॉप बघा, अँजेला फॅन आणि सहकाऱ्यांचा, २०१९ चा. त्यात ट्रान्सफॉर्मरचे अख्खे लेयर ट्रेनिंगमध्ये गाळतात, अटेन्शन आणि एमएलपी दोन्ही एकदम, आणि मग इन्फरन्सला, म्हणजे तयार मॉडेल वापरताना, हवे तेवढे लेयर काढून टाकता येतात, परत फाइनट्यून न करता. त्यासाठी वरच्या कोडमध्ये नाणं फांदीनिहाय न उडवता लेयरनिहाय उडवायचं.