हार्डनिंग शिकताय? मग मशीनलाच विचारा

पणजी-पर्वरी भागातल्या हॉटेलांचे बुकिंग सर्व्हर सांभाळायचं काम मी करतो. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं आमच्याकडे येतात, तेव्हा हार्डनिंगसाठी, म्हणजे सर्व्हर घुसखोरांविरुद्ध मजबूत करण्यासाठी, त्यांनी सीआयएस बेंचमार्क ही सुरक्षित सेटिंग्जची यादी चाळलेली असते, लिनिस हे तपासणीचं साधन चालवून स्कोअरही वाढवलेला असतो. चांगलंच आहे. पण सेटिंग लिहिली म्हणजे लागू झाली, असं ती धरून चालतात आणि तिथेच घात होतो.

एसएसएचचंच घ्या, म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय. उबुंटू लिनक्सच्या क्लाउड सर्व्हरवर मुख्य कॉन्फिग फाईलमध्ये पासवर्ड लॉगिनपुढे 'नो' लिहिलं, तरी ते चालूच राहू शकतं. त्या फाईलच्या सुरुवातीलाच शेजारच्या फोल्डरमधल्या फाईली जोडलेल्या असतात, आणि एसएसएच पहिलं सापडलेलं मूल्य धरतं. क्लाउड-इनिटने, म्हणजे क्लाउड सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना त्याची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमने, तिथे आधीच 'येस' लिहिलं असेल, तर तुमचं 'नो' वाया गेलं. म्हणून 'एसएसएचडी'ला, म्हणजे सर्व्हरवरच्या एसएसएच प्रोग्रॅमला, मोठ्या टीचा (-T) पर्याय द्या. प्रत्यक्षात काय लागू आहे ते तो छापून दाखवतो. मग दुसऱ्या टर्मिनलमधून पासवर्डने शिरायचा प्रयत्न करा. किल्लीने, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या की-फाईलने, नवं लॉगिन होतंय याची खात्री पटेपर्यंत जुनं सेशन बंद करू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो.

प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या डॉकरचंही तसंच. यूएफडब्ल्यू हा फायरवॉल सगळं बंद दाखवतो, पण डॉकर उघडलेल्या पोर्टसाठी (नेटवर्कवरून आत यायच्या दारांसाठी) आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल नियमांमध्ये स्वतःचे नियम घालतो. डेटाबेस जगाला खुला! आपल्याच सर्व्हरवर बाहेरून एनमॅप हे उघडे पोर्ट शोधणारं साधन चालवलं की कळतं.

शिवाय आपल्याकडे पाऊस. जूनमध्ये वीज गेली, ऑफिसातला सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला, की हाताने टाकलेले आणि सेव्ह न केलेले आयपीटेबल्सचे नियम गायब. 'सेटएन्फोर्स' कमांडने बदललेला एसईलिनक्सचा, म्हणजे लिनक्समधल्या जादा सुरक्षा-व्यवस्थेचा, मोडही पूर्वपदावर. मे महिन्यातच एकदा स्वतः रीबूट करून बघा.

मार्च 2024 मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्यांनी ते सोडून दिलं नाही, मुळाशी गेले, आणि एक्सझेड या फाईल लहान करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 व 5.6.1 आवृत्त्यांमधला बॅकडोअर, म्हणजे लपवलेला चोरदरवाजा, सापडला. हे कुठल्या चेकलिस्टमध्ये बसत नाही, पण शिकायचं ते हेच.

सरावाला जुना लॅपटॉप आणि व्हर्च्युअलबॉक्स (संगणकातच दुसरा संगणक चालवणारा प्रोग्रॅम) पुरे. डेबियन लिनक्स टाका, 'एसएस' कमांडने ऐकणारे, म्हणजे बाहेरच्या जोडणीची वाट बघणारे, पोर्ट बघा, प्रत्येकामागे कोणती सेवा आहे ते वहीत लिहा, नको त्या बंद करा, रीबूट करून पुन्हा बघा. मुलाखतीला ती वही घेऊन या. मी सर्टिफिकेटच्या आधी तीच मागतो.